घरकुलाच्या ७० हजारांच्या कर्जाचे काय झाले? राज्यस्तरीय बँकर्स समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, निमंत्रक बँक ऑफ महाराष्ट्र आणि सर्व सदस्य बँकांचे प्रतिनिधी,
राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र

विषय : ग्रामीण घरकुल लाभार्थ्यांना योजनेत नमूद असलेले कर्ज प्रत्यक्ष मिळण्याबाबत

महोदय,

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ साली आली, तेव्हापासून तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत एक तरतूद आहे. अनुदानात घर पुरे होत नसेल आणि लाभार्थ्याची इच्छा असेल, तर त्याला बँकेकडून ७० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळवून द्यावे. त्यावर देखरेख कोणी ठेवायची तेही लिहिले आहे : राज्यस्तरीय, जिल्हास्तरीय आणि तालुकास्तरीय बँकर्स समित्यांनी, म्हणजे आपण. २ लाखांपर्यंतच्या मुद्दलावर ३ टक्के व्याजसवलतीची सोयही केंद्राने केली. ऑगस्ट २०२४ मध्ये योजनेला २०२८-२९ पर्यंत मुदत मिळाली, आणखी २ कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले, आणि कर्जाची तरतूद कागदावर तशीच राहिली.

मी बीड जिल्ह्यात काही वर्षे कंत्राटी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता म्हणून काम केले. जोते झाले की फोटो, लिंटेलला (दार-खिडक्यांवरच्या तुळईला) फोटो, छत टाकले की फोटो, प्रत्येक फोटो जागेवर उभे राहून जिओ टॅग करायचा, म्हणजे अक्षांश-रेखांशासह नोंदवायचा, मग पुढच्या हप्त्याची शिफारस करायची, असे ते काम. त्या सगळ्या काळात हे ७० हजारांचे कर्ज बँकेतून घेतलेला एकही लाभार्थी माझ्या पाहण्यात आला नाही. बहुतेकांना अशी तरतूद आहे हेच ठाऊक नव्हते. ज्या दोन-चार जणांना मी स्वतः अर्ज लिहून दिला, ते शाखेतून परत आले. आता मी त्या कामात नाही, खासगी बांधकामे करतो, म्हणून हे मोकळेपणाने लिहू शकतो.

आधी हिशेब मांडतो, कारण मुंबई-पुण्यातल्या बैठकीत हा हिशेब कोणी विटांत आणि पोत्यांत मांडत असेल असे वाटत नाही.

योजनेचे घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. एक खोली, स्वयंपाकाची जागा, वर स्लॅब. आमच्या भागात त्याला साधारण ११० पोती सिमेंट लागते. गोण ३५० ची धरली तर ३८ हजार झाले. सळई काटकसरीने वापरली तरी सहा क्विंटल, म्हणजे ३५ हजार. साडेसहा हजार विटा, वीटभट्टीपासून गावापर्यंतच्या भाड्यासह ५० हजार. खडी आणि भरावाचा मुरूम मिळून २० हजार. वाळू शासन ५ ब्रास मोफत देते, हे चांगले आहे, आणि घराला लागतेही जवळपास तेवढीच, पण ती घाटावरून घरापर्यंत आणायचे भाडे लाभार्थ्याच्या खिशातून जाते. ते १२ हजार धरा. दरवाजा, दोन खिडक्या, थोडी वीजजोडणी, २० हजार. गवंडी आणि सेंट्रिंगवाला मिळून चौरस फुटाला २५० च्या खाली येत नाहीत, म्हणजे आणखी ६७ हजार. बेरीज २ लाख ४२ हजार. किरकोळ गोष्टी धरून अडीच लाख म्हणा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याने थोडा हात सैल झाला, पण गवंड्याची मजुरी काही खाली आली नाही.

आता मिळते किती? अनुदान १ लाख २० हजार. हा आकडा २०१६ चा आहे आणि केंद्राने तो दुसऱ्या टप्प्यातही बदललेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने आपल्या वाट्यातून ५० हजार वाढवले. त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी आहेत, बांधकामाला ३५ हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार ८०. शौचालयाचे १२ हजार शौचालयातच जातात, ते मी दोन्हीकडे धरलेले नाहीत. सगळे मिळून १ लाख ८३ हजार.

उरतात ६७ हजार. योजना लिहिणाऱ्यांनी कर्जाची मर्यादा ७० हजार का ठेवली असेल, ते इथे कळते. वाढीव अनुदानानंतरसुद्धा तूट जवळपास तेवढीच आहे.

काळ्या जमिनीत हा हिशेब आणखी बिघडतो. पाटोदा, शिरूर कासारच्या माळावर दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. गेवराई, माजलगावकडे गोदाकाठाला खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवरचा पाया घेतला तर दुसऱ्या वर्षी भिंतीला कोपऱ्यातून तडा जातो. तिथे पाया खाली न्यावा लागतो, जोत्याला बीम द्यावा लागतो, भरावाला बाहेरून मुरूम आणावा लागतो. वीस-तीस हजार जमिनीखालीच जातात. अनुदान मात्र दोन्हीकडे सारखे. अर्धवट राहिलेली घरे गोदाकाठाच्या गावांत जास्त दिसतात, त्याला हे एक कारण आहे. लाभार्थ्याने पैसे उडवले असे तालुक्याला बसून म्हणणे सोपे असते.

आणि पैसे येतात काम झाल्यावर. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात खड्डे खणून दगड-मुरूमही पुरा येत नाही. जोते पूर्ण करा, फोटो निघू द्या, मग दुसरा. दुसऱ्यातून उधारी फेडायची, पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा उधारी करायची. गैरव्यवहार रोखायला हप्त्यांची पद्धत लागते, हे मला मान्य आहे, मी तिचाच भाग होतो. पण या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला कोणीतरी आधी पैसे घालावे लागतात. योजनेने गृहीत धरले होते की ते कोणीतरी बँक असेल.

प्रत्यक्षात ते कोण असते, हे आपल्यापर्यंत पोचले पाहिजे.

बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांत तो साखर कारखान्याला ऊसतोड मजूर पुरवणारा मुकादम असतो. दसऱ्याच्या आधी कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ मजुरी मिळते, नवरा-बायको मिळून लाखभर रुपये, आणि ती स्लॅबला लागते. मग दिवाळीच्या आगेमागे जोडपे कारखान्यावर जाते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येते. नव्या घराला पाच-सहा महिने कुलूप. ऊसतोड सोडून गावात राहता यावे म्हणून ज्यांनी घर बांधले, त्यांना त्याच घरासाठी पुढच्या हंगामालाही जावे लागलेले मी पाहिले आहे. उचल फिटली नाही तर तिसऱ्या हंगामालाही. पोरांची शाळा त्यात जाते ती वेगळीच.

जिथे ऊसतोड नाही तिथे मायक्रोफायनान्सच्या गटाचे कर्ज. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने या कर्जांच्या व्याजाची ठरीव मर्यादा काढली आहे. २४ टक्क्यांनी ७० हजार दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ३,७०० रुपये बसतो. तेही न मिळाल्यास गावातला खासगी सावकार, शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे ७० हजारांना महिन्याला २,१०० रुपये नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी. तेच ७० हजार बँकेने ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी दिले असते तर हप्ता १,१२६ रुपये. ३ टक्के सवलत धरली तर १,०२३. मजुरीचे चार दिवस.

हे कर्ज का मिळत नाही, याची कारणे मी शाखाधिकाऱ्यांच्या समोर बसून ऐकली आहेत. ती माणसे वाईट नव्हती. एका शाखेत तीन कर्मचारी आणि बाहेर पीककर्जाची, निराधारांच्या पगाराची रांग, हे मला दिसत होते. पण कारणे एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले कारण तारणाचे. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा असतो आणि बँक त्याला मालकीचा पुरावा मानत नाही. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत, मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. जिथे मिळाल्या तिथे तरी हे कारण राहू नये. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. ७० हजारांना तारण मागायचेच कशाला? १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने शेतीकर्जाला २ लाखांपर्यंत तारणाची अट काढली. मुद्रा योजनेतले ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज विनातारणच आहे. बचत गटाला १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. सोयाबीन पावसाने कुजू शकते आणि तरी त्यावर विनातारण कर्ज मिळते. विटा-सिमेंटचे घर, ज्यात सरकारने आधीच दीड लाख घातले आहेत, ज्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह सरकारी संगणकावर आहे, त्यावर मिळत नाही.

दुसरे कारण सिबिलचे, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणाऱ्या गुणांचे. ज्या माणसाने जन्मात बँकेचे कर्ज घेतले नाही त्याचा स्कोअर येणार कुठून? पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेले आहे. शाखेतला संगणक मात्र तो अर्ज पुढे जाऊ देत नाही. हा प्रश्न शाखाधिकाऱ्याच्या हातचा नाही, आपल्या मुख्यालयांच्या हातचा आहे.

तिसरे, छोट्या कर्जाला खर्च तेवढाच. हे खरे आहे. पण मोठ्या कर्जासाठी बँक ज्या गोष्टींवर खर्च करते त्या इथे आधीच फुकट झालेल्या असतात. लाभार्थ्याची निवड ग्रामसभेने केलेली, खाते आधारशी जोडलेले, जागेची पाहणी अभियंत्याने केलेली, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढलेला, अनुदानाचे हप्ते त्याच खात्यात येणारे. शाखाधिकाऱ्याने गावाला एकदाही न जाता ज्याच्याबद्दल इतकी माहिती मिळते, असा दुसरा कर्जदार त्याच्याकडे क्वचितच असेल.

चौथे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही : वसुली कशी करायची, घरकुलावर जप्ती आणायची का? आणू नये. सरकारने दिलेले घर बँकेने लिलावात काढले तर त्या गावात पुन्हा कोणी बँकेच्या दारात पाय ठेवणार नाही. म्हणून इथे हमी लागेल, आणि ती सरकारने द्यावी. शहरी गरिबांच्या गृहकर्जासाठी केंद्राचा पतहमी निधी आहे, कर्ज बुडाले तर तो बँकेला भरपाई देतो. शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तो १,००० कोटींवरून ३,००० कोटींवर नेण्याचे ठरले. गावाकडच्या कर्जासाठी राज्याने असाच एक निधी उभा करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या कार्यक्रमातून राज्यात २० लाख घरकुलांना मंजुरीपत्रे देण्यात आली. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याने पूर्ण ७० हजार मागितले तरी ३,५०० कोटी होतात, तेही काही वर्षांत विभागून. त्यातले दहातले एक कर्ज बुडाले असे धरले तर ३५० कोटी. राज्याच्या वार्षिक पत आराखड्याचे, म्हणजे वर्षभरात कशाला किती कर्ज द्यायचे त्याचे आकडे आपण मंजूर करता, तेव्हा ही रक्कम केवढी आहे हे मी आपल्याला सांगायला नको.

शहराचा विषय निघाला म्हणून. माझ्या तालुक्याच्या गावाला नगरपंचायत आहे. तिच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरिबाला शहरी योजनेतून अडीच लाख मिळतात. हद्दीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, १ लाख ५५ हजार. सिमेंटचे दुकान एकच, गवंडी एकच. कर्ज घेऊन घर घेणाऱ्याला शहरी योजनेत पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसवलत, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत. ती मिळावीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पगारदार आणि व्यवसायवाल्यांसाठी सवलत प्रत्यक्ष खात्यात जमा होते, आणि मजुरासाठीची सवलत अशा कर्जावर आहे जे त्याला दिलेच जात नाही. ही तफावत आपल्या समितीला खटकायला हवी.

कर्ज हा अनुदानवाढीला पर्याय आहे, असे माझे म्हणणे नाही, हे ग्रामविकास विभागाच्या प्रतिनिधींनी कृपया ध्यानात घ्यावे. एकट्या विधवा बाईला, अपंगाला, सत्तरीच्या म्हाताऱ्याला ७० हजार कर्ज देऊन त्याचा उपयोग काय? त्यांना पूर्ण घराचेच पैसे द्यावे लागतील. केरळात लाइफ मिशनमध्ये घराला ४ लाख देतात, तमिळनाडूने २०२४ मध्ये साडेतीन लाखांची योजना आणली. आपण तिथवर जायचे तेव्हा जाऊ. मी बोलतो आहे ते हातापायाने धडधाकट, हंगामाला कमावणारा, फेडायची इच्छा आणि ताकद दोन्ही असलेल्या कुटुंबांबद्दल. ती आजही कर्ज घेतातच आणि फेडतातही, अडीच ते चारपट व्याजाने.

आणखी एक बाब. घरकुल शक्यतो पती-पत्नीच्या संयुक्त नावाने किंवा बाईच्या नावाने मंजूर होते. त्यातल्या बऱ्याच बायका उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटात आहेत, आणि गटांची परतफेड कशी आहे ते आपल्या ताळेबंदात दिसते. गटाला ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळते. नियमाने ते घर बांधायलाही वापरता येते, पण भर व्यवसायावर असतो. शेळ्यांसाठी घेतलेले पैसे सळईला जातात हे गटाच्या बैठकीत सगळ्यांना माहीत असते, रजिस्टरमध्ये शेळ्याच लिहिल्या जातात. त्या बाईला खोटे लिहायला लावण्यापेक्षा घरासाठी कर्ज उघडपणे द्या, गटाची हमी घ्या. ज्या गटाने आपले कर्ज नियमित फेडले आहे त्याच्या सदस्याचा घरकुलाचा अर्ज शाखेने पंधरा दिवसांत निकाली काढावा.

आणि परतफेड मासिक हप्त्याने मागू नका. ऊसतोड मजुराच्या हातात पैसा मार्च-एप्रिलमध्ये येतो, कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात दिवाळीनंतर. वर्षातून दोन हप्ते ठेवा, हंगामाला जोडून. पीककर्जाला आपण हे करताच. जून-जुलैत मासिक हप्ता मागितला तर माणूस तो सावकाराकडून आणून भरेल, आणि आपल्या दप्तरी खाते नियमित दिसेल.

कर्जाची रक्कम जोते पूर्ण झाल्याचा फोटो मंजूर होईल त्या आठवड्यात खात्यावर यावी. त्याआधी दिली तर ती दवाखान्यात, लग्नात जाण्याची भीती आहे, आणि स्लॅबनंतर दिली तर तोवर सावकार गाठून झालेला असतो. भिंतींपासून स्लॅबपर्यंतचे दोन-तीन महिने हीच खरी अडचण, हे कोणत्याही गवंड्याला विचारा.

आपली समिती दर तिमाहीला बसते. येत्या बैठकीत तीन गोष्टी व्हाव्यात अशी माझी मागणी आहे. घरकुलाच्या मंजुरीपत्रासोबतच ७० हजारांच्या कर्जाचा मराठीतला एक पानी अर्ज लाभार्थ्याला द्यावा, आणि तो कोणत्या शाखेत द्यायचा ते त्यावरच छापावे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे. आज तोंडी ‘बघू, नंतर या’ म्हणतात आणि तो माणूस पुन्हा येत नाही. आणि पत आराखड्याच्या आढाव्यात घरकुल कर्जाचा वेगळा रकाना काढावा : जिल्हानिहाय किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रक्कम वाटली, कोणत्या बँकेने किती. आज हे कर्ज गृहनिर्माणाच्या एकत्रित आकड्यात मोडते. छोट्या शहरांत ३५ लाखांपर्यंतचे गृहकर्जही प्राधान्य क्षेत्रातच, म्हणजे ज्याला ठरावीक कर्ज देणे बँकांना बंधनकारक आहे त्यातच धरले जाते. एका बंगल्याच्या कर्जात पन्नास घरकुले झाकली जातात आणि उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे दिसते.

पहिल्या तिमाहीत त्या रकान्यात शून्य आले तरी चालेल. ते छापा. बीडसारख्या दोन-तीन जिल्ह्यांपासून सुरुवात केली तर घरांचे टप्पे, खर्चाचे अंदाज आणि काळ्या जमिनीतल्या पायाचे नकाशे मी आणि माझ्याबरोबर काम केलेले अभियंते आपल्या जिल्हा समितीला विनामोबदला करून देऊ.

आपला,
एक माजी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता
जिल्हा बीड